तुम्ही विचारलंत म्हणून: नास्तिक माणूस अल्बेनियाचे पाद्री कशाला वाचतो

परवा परत एकाने विचारलं. या वेळी लग्नाच्या पंगतीत, मठ्ठावाल्याला हाताने थांबवून. "काय हो, तुम्ही तर नास्तिक ना, मग त्या अल्बेनियाच्या पाद्री-बाबा लोकांचं काय वाचत असता सारखं? वय झालं की देव आठवतो म्हणतात, तसलं काही आहे का?" शेजारचे दोघं हसले. मीही हसलो कारण तोंडात जिलबी होती आणि उत्तर देण्याएवढी जागा नव्हती.

तर एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

देव आठवलेला नाही. देव्हारा नाही, उपास नाही, दवाखान्यात ऑपरेशनला नेताना सुद्धा आठवला नाही, बायकोला विचारा. आणि दुसरं म्हणजे अल्बेनिया म्हटलं की "हां हां, मदर तेरेसा" हे प्लीज बंद करा. ती जन्मली १९१० साली स्कोपियेला, तेव्हा ते तुर्कांच्या राज्यात होतं, आज उत्तर मॅसेडोनियात आहे, घर अल्बेनियन हे खरं. पण त्या एवढ्याशा देशात कॅथलिक आहेत, ऑर्थोडॉक्स आहेत, सुन्नी मुसलमान आहेत, बेक्ताशी नावाचे सूफी आहेत, आणि प्रत्येकात अशी माणसं होऊन गेली की एकेकावर रात्र निघेल. मदर तेरेसांकडे शेवटी येतो.

माझी डाव्या चळवळीतली वर्षं तुम्हाला माहीत आहेत, ती परत उगाळत नाही. एवढंच सांगतो की १९८६ साली मी एकवीस वर्षांचा, पुण्यात होस्टेलवर, आणि आमच्या अभ्यासवर्गात अल्बेनिया हा लाडका देश होता. रशिया बिघडला, चीन बिघडला, अल्बेनिया तेवढा सरळ राहिला असं आमचं मत. त्यात मला सगळ्यात आवडायचं ते १९६७. त्या वर्षी ६ फेब्रुवारीला तिथला कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजाने भाषण केलं आणि वर्षभरात दोन हजारांवर चर्च, मशिदी, तेक्के (सूफींचे मठ) बंद. १९७६ च्या राज्यघटनेत तर सरळ लिहिलं की राज्य कुठलाच धर्म मानत नाही. जगातलं पहिलं नास्तिक राज्य. आम्ही इथे एका बुवाच्या विरोधात सभा घ्यायची तर पोलीस परवानगीला चार चकरा मारायचो, आणि तिकडे एका वर्षात सगळा कारभारच आटोपला, हे वाचून काय वाटायचं ते आज सांगून कळायचं नाही. दुरेस शहरातल्या ज्या शाळेतल्या मुलांनी त्या मोहिमेत पुढाकार घेतला त्या शाळेचं नाव नाईम फ्राशरी, आणि नाईम फ्राशरी हा स्वतः बेक्ताशी कवी, करबलावर काव्य लिहिणारा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. होजा या आडनावाचा अर्थच मुळी मौलवी असा आहे, हेही नव्हतं माहीत.

आता ती गोष्ट. ही मी फार जणांना सांगितलेली नाही.

माण तालुक्यातल्या आमच्या घरी आजीचे पाच टाक होते. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले, तळहातात मावतील एवढे, वर्षानुवर्षं हळद-कुंकू लागून कडा काळ्या पडलेल्या. त्या श्रावणात मी गावी गेलो होतो आणि परत निघताना आजी रानात गेलेली बघून देव्हाऱ्यातले पाचही उचलले, वर्तमानपत्रात गुंडाळले, पिशवीत कपड्यांखाली घातले आणि एसटीत बसलो. कशासाठी, तर अभ्यासवर्गात दाखवायला. विषय होता "घरातला धर्म". मी उभा राहून बोललो, अल्बेनियाचं उदाहरण दिलं, म्हणालो होजाला अख्खा देश साफ करता येतो तर आपल्याला आपलं घर येऊ नये? टाळ्या पडल्या. टाक या हातातून त्या हातात फिरले, पंधरा-सोळा जण असतील, आणि शेवटी माझ्याकडे आले तेव्हा चारच होते. कोणीतरी म्हणालं "एक देव पळाला बघ". सगळे हसलो. मी सतरंजी एकदा झटकली आणि तेवढ्यावर सोडून दिलं.

आजीने घरात कोणालाच काही सांगितलं नाही. पाच सुपाऱ्या मांडल्या. नवरात्रात घट बसले तेही सुपाऱ्यांवरच. आयाबायांनी विचारलं तर म्हणाली टाक उजळायला दिलेत फलटणच्या सोनाराकडे. हे मला फार नंतर चुलतीकडून कळलं. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं कोणी नेले ते, आणि ती माझ्यासाठी गावाशी खोटं बोलत होती.

दिवाळीला चार टाक घेऊन गेलो. खरं तर भांडायच्या तयारीने गेलो होतो, मुद्देबिद्दे काढून. तिने पदरात घेतले, एकेक पुसला, एक सुपारी उचलून एक टाक असं करत चार ठेवले. मग म्हणाली, "आन् घोड्यावरचा?"

मी म्हटलं, कुठला घोड्यावरचा, खंडोबा आहे की त्यात.

"खंडुबा न्हवं. तुजा आजा."

मला खरंच माहीत नव्हतं. घोड्यावर बसलेला तो वीराचा टाक होता, आजोबा तरुणपणी गेले त्यांचा. माझा बाप तेव्हा चार वर्षांचा. आजोबांचा फोटो नव्हता घरात, एकही नाही. तिच्याकडे तेवढा एक पत्रा होता. आणि मी काय म्हणालो माहिती आहे? मी म्हणालो, "आजी, तो चांदीचा पत्रा होता, आजोबा नव्हते." वाक्य तयार होतं ना, अभ्यासवर्गात वापरलेलं. ती काहीच बोलली नाही. पाचवी सुपारी होती तिथेच ठेवली आणि शेरडांना पाला टाकायला गेली. त्यानंतर अकरा वर्षं जगली, एकदाही विषय काढला नाही, आणि मीही नाही.

आता लगेच "म्हणजे तुला पश्चात्ताप झाला" असं कोणी लिहू नका. त्या एकवीस वर्षांच्या पोराशी मी अजून भांडतो आणि तो प्रत्येक वेळी हरतो असंही नाही. तो म्हणतो, गावात त्याच देवांच्या नावाने पोरी सोडायचे ते विसरलास का? अंगात येणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून शेजारच्याचं पोर दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि ते गेलं, ते विसरलास? नाही विसरलो. मग चार टाकांचं काय घेऊन बसलास? पाच, मी म्हणतो. पाच होते.

अल्बेनियातली कम्युनिस्ट राजवट कोसळली १९९०-९१ ला, आणि मग हळूहळू एकेक माणूस वाचनात यायला लागला. श्त्येफन कुर्ती नावाचा म्हातारा पाद्री, सत्तरी ओलांडलेला, एका बाळाला गुपचूप बाप्तिस्मा दिला म्हणून १९७१ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं म्हणून! मी ज्या सालाच्या नावाने टाळ्या घेतल्या त्याच्यानंतर चार वर्षांनी. हाफिज सब्री कोची, वीस वर्षांवर तुरुंगात काढली, बाहेर आले आणि १६ नोव्हेंबर १९९० ला श्कोदर शहरातल्या जुन्या शिशाच्या मशिदीत पहिली जाहीर नमाज त्यांनीच पढवली. आणि एर्नेस्ट सिमोनी, कॅथलिक पाद्री. हा माझ्या डोक्यातून जातच नाही. १९६३ च्या नाताळच्या आदल्या रात्री मिस्सा (चर्चमधली उपासना) संपवून बाहेर पडतो आणि पकडतात. आरोपात एक आरोप काय, तर महिन्यापूर्वी मेलेल्या केनेडीसाठी प्रार्थना केली. पोपने सगळ्या जगातल्या पाद्रींना सांगितलं होतं, यानेही केली. आधी देहदंडच, मग तो बदलून सक्तमजुरी, स्पाचच्या तुरुंगातल्या खाणीत. मिस्साचं पुस्तक नाही तर पाठ असलेलं लॅटिन म्हणायचा. १९८१ ला सुटला पण कागदोपत्री "जनतेचा शत्रू"च, म्हणून श्कोदरच्या गटारांत काम. २०१४ ला पोप फ्रान्सिस तिरानाला आले तेव्हा त्याने हे सगळं समोर उभं राहून सांगितलं, पोप रडले, आणि २०१६ ला, बिशपसुद्धा नसलेल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या या माणसाला थेट कार्डिनल केलं.

पण सगळेच असे नव्हते, आणि इथे भाविक मंडळी माझ्यावर चिडतात. आंतोन हारापी हा फ्रान्सिस्कन साधू, चांगला लेखक, विद्वान माणूस, पण जर्मनांच्या ताब्यातल्या अल्बेनियाच्या राजप्रतिनिधी मंडळात जाऊन बसला होता. कम्युनिस्टांनी १९४६ ला गोळ्या घातल्या. गोळ्या घालायला नको होत्या, पण मंडळात बसायला पाहिजे होतं का? ग्येर्ग्य फिश्ता, त्यांचा सगळ्यात मोठा कवी आणि तोही फ्रान्सिस्कनच, १९०८ ला मानास्तिरच्या परिषदेत अल्बेनियन लिपी ठरली तेव्हा त्या समितीचा अध्यक्ष, म्हणजे आज तिकडचं प्रत्येक पोरगं जी अक्षरं गिरवतं त्यात याचा हात आहे. आणि हाच माणूस मुसोलिनीने देश गिळल्यावर इटलीच्या अकादमीचं सभासदत्व घेतो. १९४० ला वारला, नाहीतर त्याचंही काय झालं असतं सांगायला नको. तरी सोडला नाहीच. कविता बंद केल्या, आणि थडगं उकरून हाडं द्रिन नदीत टाकली म्हणतात.

हे वाचलं त्या रात्री मी सतरंजी आठवत बसलो होतो. नीट झटकली होती का. कोपऱ्यात बघितलं होतं का.

मला कोणाबरोबर चहा प्यायला बोलावलं तर मी फान नोलीकडे जाईन. हा ऑर्थोडॉक्स, अमेरिकेत गेलेला, कारखान्यात राबलेला. १९०७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या हडसन गावात एक अल्बेनियन तरुण मेला आणि ग्रीक पाद्रींनी त्याचे अंत्यसंस्कार करायला नकार दिला, का तर हा अल्बेनियन राष्ट्रवादी. बिनामंत्राचं पुरलं बिचाऱ्याला. लोक खवळले, म्हणाले आपला पाद्री पाहिजे, आणि सव्वीस वर्षांचा नोली उठून न्यूयॉर्कला गेला, रशियन आर्चबिशपकडून दीक्षा घेऊन आला आणि २२ मार्च १९०८ ला बोस्टनमध्ये अल्बेनियन भाषेत उपासना केली. मग हार्वर्डची पदवी, मग बिशप, मग १९२४ ला सहा महिने देशाचा पंतप्रधान, जमिनी वाटणार म्हणाला आणि त्याचा विरोधक झोगूने हाकलला, परत बोस्टनला आणि मग शेक्सपिअर काय, उमर खय्याम काय, सगळं अल्बेनियनमध्ये आणत बसला, बेथोव्हेनवरही पुस्तक लिहिलं. त्याला "लाल बिशप" म्हणायचे. आमच्या अभ्यासवर्गात हा बसला असता तर आम्हाला झेपला नसता.

आत्ता लिहिताना लक्षात येतंय की मला आठवणारं सगळं मयताभोवतीच फिरतंय. हडसनचा पोरगा, फिश्ताची हाडं, केनेडी. श्कोदरमध्ये नोव्हेंबर १९९० ला पहिली जाहीर मिस्सा झाली तीही र्माय नावाच्या स्मशानात, दोन दशकांहून जास्त कैद भोगून आलेल्या सिमोन युबानीने केलेली. देवावर मी वाद घालू शकतो, चाळीस वर्षं तेच केलंय, पण यावर माझ्याकडे मुद्दे नाहीत. होजाकडेही नसावेत.

मदर तेरेसा. आई आणि बहीण तिराना या राजधानीत अडकलेल्या, सरकार त्यांना बाहेर सोडेना आणि हिला आत येऊ देईना. आई १९७२ ला गेली, बहीण १९७३ ला. १९८९ ला एकदाची परवानगी मिळाली, तेव्हा ती गेली आणि होजाच्याही थडग्यावर फुलं ठेवून आली. यावरून तिला लोकांनी भरपूर धुतलं, आणि मी पण धुतलं, संत म्हणवता आणि हुकूमशहाला फुलं वाहता म्हणून. दोन्ही बाजूंनी बोलायची माझी तयारी आहे. राजकारण असेल, आईच्या थडग्यापर्यंत पोचायची किंमत असेल, किंवा तिला खरंच त्यात काही वाटलं नसेल. एक दिवस एक मत असतं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

मध्ये भावाने विचारलं, आजोबांचा टाक नवीन करून घेऊया का, सोनार तयार आहे, पैसे मी भरतो, तू फक्त हो म्हण, कारण तुझ्यामुळे गेलाय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. नास्तिकाने टाक घडवून घ्यायचा? आणि घडवला तरी घोड्यावरचा तो माणूस आजीचा असणार आहे का?

तोवर सुपारी आहे. भाऊ सांगत होता ती वर्षाला बदलावी लागते, कीड लागते.