विकलेल्या जमिनीचं मृत्युपत्र

"मॅडम, बाबांना शेवटी शेवटी काहीच कळत नव्हतं." रत्नागिरीत वकिली करताना हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय, की मी त्यावर लगेच मान डोलवत नाही. ही बाई लांज्याहून आली होती. वडिलांनी घर आणि हापूसची बाग धाकट्या भावाला लिहून दिलेली, मृत्युपत्र रीतसर नोंदवलेलं. हिच्या वाट्याला एकच ओळ : 'मुलीला लग्नात सर्व काही दिले आहे.'

तिचं म्हणणं, बाबा भ्रमिष्ट झाले होते आणि भावाने दडपण आणून सही घेतली. मी म्हटलं, ताई, आधी एक काय ते धरा. मनच ठिकाणावर नव्हतं, तर दडपण आणलं कुणावर? शिवाय सही शुद्धीत झाली हे मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने दाखवायचं असतं. दडपण म्हणाल तर ते तुम्ही सिद्ध करायचं. दडपणाने करून घेतलेलं मृत्युपत्र रद्द ठरवणारं, १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६१ तुमच्या बाजूने आहे खरं, पण घरात दार लावून काय झालं हे सांगायला येणार कोण?

दवाखान्याचा कागद होता, 'विस्मरण' लिहिलेला. पण सहीनंतर दोन महिन्यांचा. समोरच्या वकिलांनी त्याची वासलात लावली. योग्यच केलं. चष्मा पिठाच्या डब्यात ठेवणारा माणूसही मृत्युपत्र करू शकतो. सहीच्या वेळी आपलं काय आहे आणि ते कुणाला देतोय, एवढं त्याला उमगलं म्हणजे झालं.

मग एका रात्री सातबारे आणि मृत्युपत्र शेजारी ठेवून बसले. तिसऱ्या गट नंबरावर बोट थांबलं. तो तुकडा म्हाताऱ्याने स्वतःच १८ वर्षांपूर्वी विकलेला, फेरफारही पडलेला. आणि इथे तो मुलाला 'देतोय'!

साक्षीदार गावातला दुकानदार, सरळ माणूस. उलटतपासणीत विचारलं, "मजकूर वाचून दाखवला?"

"दाखवला."

"सगळे गट नंबर?"

"होय."

"मग ते काय म्हणाले?"

"काय नाय. मान हलवलानी."

"मध्ये कुठे थांबवलं?"

"नाय."

सत्यनारायणाच्या पूजेत भटजींचा एक शब्द चुकला तरी टोकणारा माणूस म्हणून ते गावात ओळखले जायचे, हे त्याच साक्षीदाराने आधी हौसेने सांगितलं होतं. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. एक प्रश्न जास्त विचारून हातची साक्ष घालवलेले वकील मी पाहिलेत, त्यातली एक मीच.

भावाने कबूल केलं : जुना उतारा त्याने नेला, लिहिणाऱ्याला त्यानेच गाठलं, रिक्षा त्याचीच. ज्याला सगळं मिळतं तोच सगळी धावपळ करतो, तेव्हा संशय त्यानेच फेडायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलंय. नोंदणीचा शिक्का तिथे पुरत नाही. मृत्युपत्र सिद्ध झालं नाही. बहीण-भावाला निम्मं निम्मं. दडपणाचा मुद्दा मात्र पुराव्याअभावी फेटाळला गेला.

निकालाच्या दिवशी व्हरांड्यात भाऊ समोर आला. सात वर्षं बापाचं अंथरूण त्याने काढलेलं, हे कुणी नाकारलं नव्हतं, माझ्या अशिलानेही नाही.

"मॅडम, तो तुकडा ताईच्याच लग्नासाठी विकलेला."

मला माहीत होतं. खरेदीखताची तारीख आणि लग्नपत्रिका, दोन्ही माझ्या फाईलमध्ये होत्या.