हार्ड डिस्क घरात, ताई नागपुरात

निवृत्तीनंतर बाबांनी दोन वर्षं खपून घरातले सगळे जुने फोटो स्कॅन केले. आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेटही संगणकावर उतरवून घेतली. सगळा ऐवज 2 टीबीच्या एका हार्ड डिस्कवर. नागपूरच्या ताईला तो घरबसल्या बघायचा होता. आपल्या राऊटरला मागे यूएसबी आहे, डिस्क खोचली की झालं, रविवारपर्यंत देतो, असं मी फोनवर सांगून बसलो. कुठला रविवार ते सांगितलं नव्हतं, हे नशीब.

डिस्क खोचली. टीव्हीवर फोटो लगेच दिसले, लॅपटॉपवर मात्र काही नाही. केबल बदलली, राऊटर तीनदा बंद-चालू केला, पासवर्ड बदलला आणि तो विसरलो. शेवटी वैतागून कागदावर घरातली जोडणी काढली, तेव्हा दोन मिनिटांत चूक दिसली. घरात वायफाय दोन होती: एक फायबरवाल्यांच्या डब्याचं, दुसरं त्याच्यामागे मी लावलेल्या राऊटरचं. लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) 192.168.1 ने सुरू होत होता, टीव्हीचा 192.168.0 ने. म्हणजे लॅपटॉप ओसरीवर आणि डिस्क माजघरात, मधलं दार बंद!

लॅपटॉप राऊटरवर आणला तर विंडोजने नवीन कुरबूर काढली. माझा जुना राऊटर फाइल देण्यासाठी एसएमबीची (नेटवर्कवरून फाइल देण्या-घेण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती वापरतो आणि 2017 च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून विंडोज 10 ती आपणहून बसवत नाही. एक टिक केली की ती चालू होते. हात तिथपर्यंत गेलाही होता. पण त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. राऊटर बनवणाऱ्यांनी अपडेट देणं कधीच थांबवलेलं. मग खणात धूळ खात पडलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक काढला, डिस्क त्याला लावली, त्यावर सांबा, म्हणजे नव्या एसएमबीने फाइल देणारा प्रोग्राम, बसवलं. वरकड फायदा असा की राऊटरजवळचं वायफायही सुधारलं. यूएसबी 3 ची डिस्क अँटेनाला चिकटून असली की 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींत खरखर करते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

आता राऊटरकडे डिस्क नव्हती, तेव्हा त्याला नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पसरवणारा, करून टाकला. पत्ते वाटायचं काम एकट्या डब्याकडे आलं आणि मधलं दार गेलं. घरातलं घरात छान चालू लागलं, पण गुरुवारपर्यंतच. गुरुवारी आमच्याकडे वीज जाते. ती परत आली तेव्हा पायला वेगळाच पत्ता मिळाला आणि बाबा म्हणाले, "तुझी डिस्क पुन्हा गेली रे." डब्याच्या सेटिंगमध्ये पायचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून त्याच्यासाठी एक आयपी राखून ठेवला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

राहिली ताई. मी पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला घरातल्या पायपर्यंत दार उघडून दिलं, आणि लाज वाटते सांगायला, थेट एसएमबीचं 445 नंबरचं पोर्ट उघडलं. ते पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकणं म्हणजे तिजोरी अंगणात ठेवून झोपायला जाणं. सुदैवाने ते उघडलंच नाही. दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या. मग डब्याच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी बघितला: 100.72 ने सुरू होणारा. ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधला तर भलताच नंबर. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते 2012 पासून इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखलेले आहेत. आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे (आयपीव्ही4) पत्ते एकूण सुमारे 429 कोटी, ते पुरत नाहीत. म्हणून कंपनी अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. त्याला सीजीनॅट म्हणतात. आपण आपल्या डब्यात कितीही पोर्टं उघडा, सोसायटीचं फाटक रखवालदाराच्या हातात! ज्या भिंतीला मी दोन दिवस शिव्या घालत होतो, तिनेच मला वाचवलं होतं.

स्थिर, म्हणजे फक्त आपल्या घराच्या सार्वजनिक आयपीसाठी ग्राहक सेवेला फोन केला. तिघांशी बोलल्यावर कळलं की मिळेल, पण दरमहा वेगळे पैसे. त्यापेक्षा पायवर टेलस्केल बसवलं, म्हणजे लांबलांबची यंत्रं एका खाजगी जाळ्यात जोडणारी सेवा. ते वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या तंत्रावर चालतं; दोन्ही टोकं आतून बाहेर हात काढतात आणि मध्येच एकमेकांना गाठतात, त्यामुळे कुठलंही पोर्ट उघडावं लागत नाही. गंमत म्हणजे टेलस्केलने पायला दिलेला पत्ताही 100 नेच सुरू होणारा. तो बघून क्षणभर पोटात गोळा आला.

ताईला फोटो दिसले, व्हिडिओ मात्र गचके खात होता. तपासलं तर जोडणी थेट न होता रिलेमार्गे, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, वळसा घालून जात होती. डब्यात आयपीव्ही6 (पत्त्यांची नवी आवृत्ती, जिथे पत्ते पुरून उरतात) बंद होतं, ते चालू केलं. ताईच्या मोबाईल डेटावर ते होतंच. जोडणी थेट झाली आणि आत्याची वरात न अडखळता नागपूरला पोचली.

ताईला एकच पथ्य सांगून ठेवलंय: गुरुवारी बघू नकोस.