तुम्ही विचारलंत म्हणून: लडाखला जाऊन आपल्याच शेतातलं पाखरू?

"काका, एवढा खर्च करून लडाखला गेलात अन् तिथं आपल्याच शेतातलं पाखरू बघत बसलात म्हणं?" पारावर, लग्नात, बँकेच्या लाईनीत, सगळीकडं हेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पाखरू म्हणजे थिरथिरा, पुस्तकात कृष्ण थिरथिरा. चिमणीएवढं, वजन १५ ते २० ग्रॅम. नर वरून काळपट, पोट विटकरी, मादी मातकट, अन् शेपटी दोघांचीही तांबडी, ती सारखी थरथरते म्हणून हे नाव. दसऱ्याच्या पुढंमागं सोयाबीन निघालं की आमच्या बीडकडं येतं, गोठ्याच्या माळवदावर नाहीतर बांधावरच्या दगडावर बसतं, किडा दिसला की खाली उतरून उचलतं अन् परत वर. मार्च-एप्रिलात ऊन तापलं की गायब.

पण पाच-सहा महिने राहून मी त्याला इथं कधी गाताना ऐकलं नाही हो, नुसतं टिक टिक. गाणं असतं जोडीदारासाठी अन् हद्दीसाठी, अन् त्याची हद्द तिकडं वर, लडाख-तिबेटात, जिथं झाडं कमी अन् दगडच जास्त, बर्फ वितळला की थोडेच दिवस किड्यांचा सुकाळ, तेवढ्यात घरटं, अंडी, पिल्लं सगळं उरकायचं.

मला ते गाणं ऐकायचं होतं. म्हणून गेलो.

जूनमध्ये लेहजवळच्या एका गावात राहिलो, उंची ३५०० मीटर. तिथली जुनी घरं बघून मी थांबलोच, दगडमातीच्या भिंती अन् वर सपाट मातीचं छत, अगदी आपलं माळवद! पहाटे नर छताच्या कोपऱ्यावर येऊन बसला अन् सुरू झाला. बारीक शीळ, मधेच मुठीत खडे चोळल्यासारखी खरखर, की परत शीळ. खाली भिंतीच्या फटीत मादी चोचीत अळ्या घेऊन शिरायची, आत पिल्लांचा गलका, बाहेर आली की दगडावर बसून शेपटी थरथर, आपल्या बांधावर करते तशीच. माझे डोळे भरून आले. बाकीचे पँगाँगचं तळं बघायला गेले, मी नाही गेलो, अन् त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

लेह ते बीड सरळ रेषेत धरलं तरी दीड हजार किलोमीटरच्या वर जातं, अन् एवढंसं पाखरू असलं अंतर वर्षातून दोनदा कापतं.

गोठ्याचं माळवद पाडून पत्रे टाकू म्हणतोय मुलगा. यंदा तरी थांब म्हणलोय त्याला. दसऱ्याला या चहाला, दाखवतो.