मॉरिशसच्या वर्गाचा पहिला तास

मॉरिशसच्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवाल का, अशी विचारणा आली तेव्हा आमचे हे म्हणाले, "बेळगावात शिकवून झालं, आता समुद्रापलीकडं होय की!" तिथली घड्याळं आपल्यामागं दीड तास, म्हणजे त्यांचा दोनचा वर्ग इकडं बेळगावच्या टिळकवाडीत साडेतीनला. सुनेनं लॅपटॉप लावून दिला. वीज जाईल या धास्तीनं मोबाइलचं नेटही चालू ठेवलं.

१८३४ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला इथून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर नेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. ही मुलं त्यांचे वंशज. घरात क्रिओल ही फ्रेंचवरून आलेली तिथली बोली, शाळेत इंग्रजी-फ्रेंच, मराठी ऐच्छिक. म्हणून मी सोपा उतारा काढून ठेवला होता. मुलांनी तो घडाघडा वाचला, एकही जोडाक्षर अडलं नाही! आमच्याकडं उलट. इंग्रजी माध्यमातली पोरं घरी फाडफाड मराठी बोलतात, पण दुकानाची मराठी पाटी वाचायला सांगा, चाचपडतात.

मग विचारलं, "काल रात्री काय जेवलात?" सगळे गप्प. दोघांनी तर कॅमेराच बंद केला.

बेळगावच्या वर्गात मी भाषेची शिवाशिव कधी पाळली नाही. पोरगं निम्मं कानडीत बोललं तरी वाक्य पुरं होऊ द्यायचं, मग तेच मराठीत आपण म्हणायचं, चूक न काढता. इथंही म्हटलं, अडेल तिथं क्रिओल चालेल. मला क्रिओलचं अक्षर कळत नाही, पण एकाचं अडलं की दुसरा मराठी शब्द सुचवायचा, आणि ती ओढाताण मला फार आवडली. एक मुलगी म्हणाली, "मी डाळपुरी खाल्लं." मी म्हटलं, "अगंबाई, डाळपुरी खाल्लीस? कशाबरोबर?" तिनं लगेच "भाजीबरोबर खाल्ली" असं सांगितलं. नियम सांगायची गरजच पडली नाही.

गणपतीचा विषय निघाला आणि बंद कॅमेरे उघडले. तिकडं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. एकानं अडखळत विचारलं, "मिस, तुमच्या गावाला समुद्र नाही. गणपती कुठं जातो?" मी कपिलेश्वर तलावाचं सांगितलं, दुसऱ्या दिवसापर्यंत चालणाऱ्या मिरवणुकीचंही. त्यावर प्रश्नांवर प्रश्न आले, व्याकरण पार मोडलेलं, पण मराठीत. उरलेले दोन उतारे तसेच राहिले.

संयोजक बाईंना कळवलं की वाचन मुलांनी घरी करावं, वर्गात फक्त बोलायचं. शिवाय प्रत्येकानं आठवड्याला एक मिनिट आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचं, लिहून नाही. बाईंना अभ्यासक्रमाची काळजी वाटली, ती रास्तही आहे. पण पहिलं रेकॉर्डिंग संध्याकाळीच आलं: "मिस, कपिलेश्वर तलाव किती खोल आहे?"

आता हे कुणाला विचारावं?