उजवीकडचा रकाना

दिवाळी सरली होती आणि कापसाची वेचणी जोरात होती, म्हणून घाटंजी तालुक्यातील त्या गावात आमची बैठक रात्री सातनंतर समाजमंदिरात बसत असे. शेतकऱ्यांच्या एका गटाला मी सहा आठवड्यांचे मनःस्वास्थ्याचे प्रशिक्षण देत होते. चौथ्या बैठकीच्या दिवशी जे घडले, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

आमच्या कामाचा कणा म्हणजे ‘तीन चांगल्या गोष्टी’ हा सराव. २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला होता. आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हेही लिहायचे. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकलेला त्यांना दिसला. ते सहभागी संकेतस्थळावरून स्वतःहून आलेले होते, त्यामुळे आमच्या कोरडवाहू कापूसवाल्यांना तो सराव जसाच्या तसा लागू पडेल असे मी गृहीत धरले नव्हते. पण ‘का’ हा भाग अनेक प्रशिक्षक सरळ गाळतात, याचा मला खरोखर राग येतो. संस्थेच्या छापील वहीतही त्याला जागा नव्हती. प्रत्येक वहीत पट्टीने रेघ मारून उजवीकडचा तो रकाना मी स्वतः आखला होता.

गटात पन्नाशीतले एक काका होते. पहिल्या बैठकीत ‘डब्ल्यूएचओ-५’ या पाच प्रश्नांच्या चाचणीत त्यांना २५ पैकी ७ गुण पडले होते. १३ पेक्षा कमी गुण आले की नैराश्याची पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. मी तशी मागणी केली, तेव्हा आपला कार्यक्रम सकारात्मक आहे, त्यात आजाराचे प्रश्न नकोत, असे उत्तर कार्यालयातून आले. त्यामुळे जिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी थेट विचारतो, ती नैराश्य तपासण्याची ‘पीएचक्यू-९’ प्रश्नावली काकांपर्यंत पोहोचलीच नाही. तो निर्णय चुकीचा होता, आणि तो मुकाट्याने मान्य करणे ही माझी चूक होती.

चौथ्या बैठकीत काकांचे गुण १९ झाले. चेहरा शांत होता, अक्षरही आधीपेक्षा मोकळे. मी त्यांच्या वहीतला डावा रकाना सर्वांसमोर वाचला. दुकानाची उधारी फेडली. बैलजोडी लहान भावाच्या दावणीला बांधली. पोरीचे सगळे कागद एका पिशवीत लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

रात्री घरी वह्यांतील नोंदी उतरवताना उजवीकडचे वाचले. ‘कोणाचं ठेवायचं नाही.’ ‘तो चांगला सांभाळीन.’ ‘तिले शोधा लागू नये.’

साडेदहा वाजले होते. गटप्रमुखांकडून लहान भावाचा नंबर घेतला आणि त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. आज काकांना एकटे सोडू नका, आणि कोठ्यातली फवारणीची औषधे आत्ताच दुसऱ्याच्या घरी हलवा. मग १४४१६ या ‘टेलिमानस’च्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर बोलून पुढचे ठरवले. सकाळच्या पहिल्या एसटीने गावात पोहोचले, तेव्हा काका ओसरीवर बसले होते.

“ताई, रातभर झोपल्या नाई काय?” त्यांनीच मला विचारले.

विचारल्याने असा विचार डोक्यात भरतो, हा समज खोटा आहे. तरीही शब्द तोंडातून निघायला वेळ लागला. “काका, जीव द्यायचा विचार मनात येतो का?”

“येते,” ते म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “पोया झाल्यापासून.” म्हणजे पोळ्यापासून.

त्याच दिवशी भावासोबत आम्ही त्यांना यवतमाळला सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नेले. उपचार सुरू आहेत. प्रशिक्षकाचे काम कुठे संपते आणि डॉक्टरांचे कुठे सुरू होते, हे मी इतरांना शिकवते. त्या दिवशी ती सीमा मला एक रात्र उशिरा दिसली.

मला छळतो तो १९ हा आकडा. काकांनी खोटे लिहिले नव्हते. गेले दोन आठवडे शांत वाटले का, या प्रश्नाला त्यांनी खरेच उत्तर दिले होते, कारण त्यांचे ठरले होते आणि ठरल्यामुळे मन हलके झाले होते. चाचणीने ते हलकेपण मोजले आणि मी त्याला सुधारणा म्हटले. आता मी वही उजवीकडून वाचायला घेते, आणि गुण एकदम चढले की त्याच दिवशी त्या माणसाशी एकांतात बोलते.

कार्यालयाच्या अहवालात ७ वरून १९ ही गटातील सर्वांत मोठी प्रगती म्हणून अजून छापलेली आहे. ती नोंद काढावी, असे पत्र मी दोनदा दिले आहे.