वीसचा बार, बावीसचा बार: आमची वाटचाल

सुरुवातीला आमच्या गॅरेजमध्ये एक लिफ्ट, एक व्हाइस आणि गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वास होता. मी आणि माझा धाकटा भाऊ, एवढेच दोघं. शॉकअप, बुश (जोडांत बसणारी मऊ कडी), बॉल जॉइंट ही नेहमीची कामं. "वळणावर गाडी फार झोपते हो," म्हणत येणारे वाढले, तसे आम्ही स्टॅबिलायझर बारकडे वळलो. कुणी त्याला स्वे बार म्हणतं, कुणी अँटी-रोल बार, वस्तू एकच.

हिशेब सोपा वाटला. बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, पीळ खाणारी स्प्रिंग. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ती पिळते आणि अडवते. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर बुशमध्ये नुसती फिरते. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिमीच्या जागी २२ मिमी बसवला की जवळपास ४६ टक्के वाढ, २४ मिमी घातला की दुपटीच्याही थोडं पुढे. हा आकडा आमच्या डोक्यात असा बसला की येईल त्याला जाड बार द्यायला लागलो.

मग पुढच्या चाकांवर चालणारी एक हॅचबॅक आली. आम्ही तिला पुढे जाड बार घातला आणि गाडी सपाट चालायला लागली. आठवड्याभरात मालक परत. "झुकत नाही हे खरं, पण आता वळतही नाही." भावाने ओल्या रस्त्यावर चालवून पाहिली आणि तोंड पाडूनच उतरला. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक बाहेरच जात होतं.

तेव्हा कुठे आम्ही बारचं गणित सोडून टायरचं गणित मांडलं. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार सरकणार, हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळण किती जोरात घेतलंय यावर ठरतं. बार बदलून त्यात जवळपास काहीच फरक पडत नाही. त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या, एवढंच बारच्या हातात असतं. टायरवर भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे ज्या जोडीत भार जास्त सरकतो तिची एकूण पकड घटते. इंजिनाचं वजन, ओढ आणि वळण हे सगळं आधीच सांभाळणाऱ्या पुढच्या टायरांवर आम्ही आणखी एक ओझं टाकलं होतं. पुढचा कंपनीचा बार परत बसवला, मागचा जाड केला. गाडी वळली. त्या कामाची मजुरी अर्थातच घेतली नाही.

यावरून "मागचा जाड करा" हा नवा मंत्र धरला आणि पुढच्याच गाडीत तोंडावर आपटलो. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट बाहेर! तेव्हापासून मागे फक्त दोन-तीन छिद्रांचा बार. लिंक, म्हणजे बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी दांडी, टोकाच्या छिद्रात असली तर बारचा बाहू लांब आणि बार मऊ; आतल्या छिद्रात घेतली की कडक. आम्ही टोकापासूनच सुरुवात करतो, मालकाने कितीही घाई केली तरी.

आवाजाने मात्र सगळ्यात जास्त छळलं. पॉलियुरेथेनचे बुश कोरडे बसवले की काही दिवसांत कुईकुई सुरू होते. सिलिकॉन ग्रीसला पर्याय नाही. रबरी बुशचे नट चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी जमिनीवर येताच बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. लांबी बदलता येणाऱ्या लिंक आम्ही सीटवर माणूस बसवूनच जुळवतो, म्हणजे उभ्या गाडीत बारला पीळ राहत नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि भाऊ ते दर वेळी माझ्यावर ढकलतो.

नंतर पोकळ बारही ठेवायला लागलो. २५ मिमीचा, ४ मिमी जाडीच्या नळीचा बार तेवढ्याच भरीव बारच्या सुमारे ७९ टक्के कडक असतो, वजन मात्र ५४ टक्केच.

आता काही गाड्या आम्ही तशाच परत पाठवतो. शॉकअप गेलेले, टायर गुळगुळीत झालेले आणि मालकाला हवा असतो जाड बार! रोज खड्ड्यांतून जाणाऱ्यालाही आम्ही सावध करतो, कारण बार कडक झाला की एका चाकाचा दणका दुसऱ्यालाही पोचतो आणि डोकं डावी-उजवीकडे हिंदकळत राहतं. पुष्कळदा जुन्या लिंक आणि बुश बदलले तरी तक्रार मिटते. त्यात आमचा धंदा कमी होतो, हे भाऊ न चुकता ऐकवतो.

सध्या मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) असलेल्या गाड्यांशी झटापट चालू आहे. तिथे बीमच पीळ खाऊन बारचं काम करतो, बहुतेक गाड्यांत वेगळा बार नसतो. म्हणून बीमला जोडून बसेल असा जादा बार आम्ही बनवतोय. पहिल्या दोन नमुन्यांचे ब्रॅकेट सरकले. तिसरा भावाच्या स्वतःच्या गाडीत बसवलाय. ब्रॅकेट जागचा हललेला नाही, पण स्पीडब्रेकरवर कर्रर्र आवाज येतो आणि तो नेमका कुठून येतो ते अजून सापडायचंय.