अंड्यातलं शहाणपण

लाल डोळ्यांच्या झाडबेडकाचा फोटो पाहिला नाही असा माणूस विरळा. पोपटी अंग, कुशीला निळ्या-पिवळ्या पट्ट्या, केशरी पंजे आणि वर गुंजेसारखे लालभडक डोळे. जंगलांवर काहीही छापायचं झालं की मुखपृष्ठावर हाच.

खरं तर दिवसा गेलात तर हा शेजारी असूनही दिसायचा नाही. दक्षिण मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या ओल्या जंगलांत हा गडी दिवसभर पानाला चिकटून झोपा काढतो. पाय पोटाशी, पट्ट्या झाकलेल्या, डोळे मिटलेले. उरतो फक्त एक हिरवा फुगवटा. डोळ्यावर चढणारा पडदाही साधासुधा नाही, त्यावर सोनेरी नक्षीची जाळी असते. एवढी हौस झोपेसाठी! कुणी डिवचलंच तर डोळे खाडकन उघडतात, आणि शिकारी क्षणभर दचकला की हा पसार, असा अभ्यासकांचा कयास आहे. विषारी बाणबेडकांच्या रंगांमागे विष तरी असतं. ह्याच्याकडे तसलं जालीम काही नाही. सगळी मदार देखाव्यावर.

मला मात्र ह्या रंगांपेक्षा त्याच्या बिनरंगी अंड्यांचं जास्त कौतुक वाटतं. मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर अंडी घालते. पारदर्शक, बुळबुळीत गोळा, आत वळवळणारे जीव. सगळं सुरळीत चाललं तर ६-७ दिवसांनी पिल्लं खाली पाण्यात टपकतात. पण सापाने गोळ्याला तोंड लावलं, की ४-५ दिवसांची कच्ची पिल्लंसुद्धा थुंकीसारख्या रसाने आवरणाला भोक पाडतात आणि काही सेकंदांत खाली उड्या टाकतात. जीवशास्त्रज्ञ कॅरेन वॉर्केंटिन यांनी १९९०च्या दशकात कोस्टा रिकात हे अभ्यासलं.

आता पाऊसही पान हलवतोच. त्या जंगलात तर तो धो धो पडतो. दर सरीला घाबरून उड्या मारल्या तर वंशच बुडायचा. पण पिल्लं फसत नाहीत. हादरा किती वेळ टिकला, दोन हादऱ्यांमध्ये किती उसंत होती, ह्यावरून पाऊस कुठला आणि साप कुठला हे ती ताडतात.

खाली मासे आणि कोळंब्या टपलेल्या असतातच. वेळेआधी पडलेली कोवळी पिल्लं त्यांना सहज सापडतात. म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण पाण्यात निदान पळायला शेपूट तरी कामी येते.